दोन सासवा

सोमवारी अकरा वाजता पुतणीला तिच्या आईचा शेवटचा तास दाखवणार होते. अर्ज तिनेच केला होता आणि साहेबाने माणुसकी म्हणून मंजूर केला होता. त्या तासात तिची आई नाही, मी आहे, हे ठाऊक होतं मला आणि मुकादमाला. आणि ते तिला कळलं तर ती माझी राहणार नव्हती.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी कुणीतरी लबाड बाई आहे असं वाटेल. मी आणि धाकटी सख्ख्या जावा. नवरे भाऊ-भाऊ आणि आम्ही दोघी पालिकेच्या एकाच हजेरीचौकीवर झाडूवाल्या. बागेच्या अलीकडचा रस्ता माझा, पलीकडचा तिचा. बागेत पाण्याच्या पंपाची पत्र्याची खोली. धाकटा दीर पोर सहा वर्षांची असताना गेला, तेव्हापासून आमचा संसार एकच आहे. दोन खोल्या, एक चूल. मला मूल नाही. नवरा आहे, पण तो जुन्या रेडिओसारखा, कोपऱ्यात आपला आपला खरखरत असतो. पोर मला मोठी आई म्हणते. तिला न्हाऊमाखू घातलं ते मी, पाढे घोकून घेतले ते मी. धाकटी बापडी कायम दमलेली. हे उपकार म्हणून सांगत नाही. त्या पोरीपलीकडे मला जगात काही नाही, एवढंच सांगते.

कॅमेरे आले गेल्या वर्षी. आणले लोकांनी. माझ्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात, त्यांनी सह्या गोळा केल्या. कर आम्ही भरायचा आणि ह्या बायका झाडाखाली गप्पा ठोकणार, असं त्यात लिहिलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. मला रोज तांब्याभर पाणी देणाऱ्या शिंपीणबाईनेसुद्धा केली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, ते तुझ्यासाठी थोडंच आहे? त्या बाकीच्या कामचुकार असतात ना, त्यांच्यासाठी." बाकीच्यांच्या रस्त्यावरही हेच सांगत होते, हे मला हजेरीवर कळलं.

साबणाच्या वडीएवढा काळा डबा, वर लाल ठिपका. सकाळी सहाला पट्ट्याने गळ्यात अडकवायचा, साडेदहाला काढून द्यायचा. चार मिनिटं जागचं हललं नाही की तो केकाटतो आणि ऑफिसात तुमच्या नावावर 'थांबा' पडतो. तीन थांबे पडले की अर्धा दिवस गैरहजर. पाठीला बाक आला म्हणून उभं राहिलात तरी थांबा, आणि कुत्रं अंगावर आलं म्हणून भिंतीला टेकलात तरी थांबा.

आठ दिवस लोक खूश होते. पोरंसोरं समोर येऊन हात हलवायची. एकजण तर त्याच्या शेजाऱ्याशी भांडताना मला ओढून घेऊन गेला. म्हणाला, "मावशी, उभ्या राहा इथं, ह्याचं बोलणं रेकॉर्ड होऊ दे." मग एका सकाळी हेडमास्तर टॉवेल गुंडाळून गॅलरीत दात घासत होते आणि मी खालून मान वर करून पाहिलं. छातीवर डबा होताच. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुसरा अर्ज गेला. आमच्या खाजगी आयुष्याचं काय? परत सगळ्यांच्या सह्या. तो मात्र चार दिवसांत मंजूर झाला. डब्याची मान खाली वाकवून पक्की केली. तेव्हापासून त्यात फक्त जमीन दिसते, झाडू दिसतो आणि रबरी हातमोजे घातलेले दोन हात. कुणाचं तोंड दिसत नाही, आमचंही नाही. शिंपीणबाई तरीही बाहेर यायची बंद झाली. पाण्याची बाटली फाटकावर ठेवायची आणि आत जायची.

पाणी प्यायची तरी चोरीच होती. सहा ते साडेदहा बाईमाणसाने जायचं कुठे? डबा काढला तर थांबा, आणि घालून गेलं तर त्याची मान खालीच वाकवलेली. आणखी काय सांगू. पहिला महिना आम्ही तोंड कोरडं ठेवून काढला. आमच्यातल्या दोघींना मुतखड्याचं दुखणं लागलं. मग कुणीतरी युक्ती काढली. आपला डबा दुसरीच्या गळ्यात घालायचा आणि जाऊन यायचं. ती दोन डबे घालून झाडत राहते. दोन्हींत हातमोजे दिसतात, दोन्हींत झाडू दिसतो. ऑफिसातल्या नकाशावर आमचे ठिपके तसेही वीस-तीस पावलं इकडेतिकडे घसरत असतात.

ह्याला आम्ही 'सासू सांभाळणं' म्हणायचो. कारण डब्याचं नाव पहिल्या दिवसापासून सासू पडलं होतं. "अगं, माझी सासू धर जरा," म्हणून पट्टा गळ्यातून काढायचा की दुसरीने मान पुढे करायची. धाकटी एकदा म्हणाली, "ताई, आपली खरी सासू बरी होती हो. दुपारी दोन तास झोपायची तरी." त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की दोन्ही सासवा केकाटल्या. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. तो डोळ्यांवर कातडं ओढून होता, कारण त्याच्या तीसपैकी तीस बायका हेच करत होत्या.

त्या महिन्यात धाकटीला दम लागायचा. जिना चढली की भिंत धरायची. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, डॉक्टरने लिहून दिलं की मला कामावरून काढतील. मग रोज साडेआठ-नऊच्या सुमाराला बागेतून माझ्याकडे यायची आणि न बोलता पट्टा काढून पुढे करायची. पंपाच्या खोलीत जाऊन पोत्यावर आडवी व्हायची. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास. माझा रस्ता करून मी तिचाही करायची. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून ही अशीच. धुणं मी धुवायचं, हिची कंबर दुखायची. मला वाटायचं, नाटकं आहेत सगळी. आणि मला झाडताना बडबडायची सवय. घरात सगळे हसतात. पोर लहानपणी हातात केरसुणी घेऊन माझी नक्कल करायची, पुटपुट पुटपुट, आणि धाकटी तोंडावर पदर धरून हसायची.

तो दिवस मंगळवारचा. सव्वानऊला ती आली. तोंडावर घाम होता. पट्टा काढताना तिचा हात वर जाईना, मीच काढला. म्हणाली, "ताई, आज जरा जास्त वेळ पडते." मी म्हटलं, "पड की. रोज काय कमी पडतेस?" ती तशीच वळली. खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

मी दोन्ही रस्ते झाडले. बागेतून तीनदा आले-गेले. खोलीच्या अंगाने वाट जाते. दुसऱ्या खेपेला आतून पत्रा वाजला. मला वाटलं, उठली असेल. दार उघडून बघावं असं मनात आलंही. पण गळ्यात दोन सासवा होत्या. दारात वाकले असते तर दोन्हींत ती पोत्यावर पडलेली दिसली असती, तिच्या स्वतःच्या डब्यातसुद्धा. मग सगळीच युक्ती बाहेर आली असती. म्हणून मी खोलीकडे पाठ केली आणि पुढे गेले.

सव्वादहाला काम संपलं. डबे मुठीत गच्च दाबून धरले, म्हणजे काही दिसायला नको, आणि दार उघडलं. ती कुशीवर होती. एक चप्पल पायात होती आणि एक दाराशी. हात पत्र्याला टेकलेला. मी हाक मारली, हलवलं, गालावर मारलं. गाल गार होता. मी पुढे जे केलं ते माझ्या हाताने केलं. तिची मान उचलली, तिचा डबा तिच्या गळ्यात घातला, पट्टा नीट केला आणि मग बाहेर येऊन बोंब ठोकली.

सगळं रेकॉर्डला बसलं. धाकटी सव्वादहापर्यंत झाडत होती, थोडं बसावं म्हणून खोलीत गेली आणि कोसळली. ऑफिसने दोन मिनिटं शांतता पाळली. हेडमास्तर खाली आले आणि म्हणाले, "फार कष्टाळू बाई होती हो." मी मान डोलावली. शिंपीणबाई रडली, फाटकाच्या आत उभी राहून.

पण पोरीला डॉक्टर काहीतरी बोलला होता. दवाखान्यात आणलं तेव्हा आई जाऊन निदान तास तरी झाला होता, असं. पोर प्रयोगशाळेतलं काम शिकते, रक्त-लघवी तपासायचं. तिला असल्या गोष्टी लक्षात राहतात. म्हणाली, "मोठी आई, ती तर झाडत होती ना? मग असं कसं?"

मी म्हटलं, "डॉक्टर काय, तोंडाला येईल ते बोलतात."

पण दोन आठवड्यांनी अर्ज करून आली. "मला काही शोधायचं नाही गं," म्हणाली. "आईचा एकही व्हिडिओ नाही आपल्याकडे. फोटोत ती नेहमी कोपऱ्यात. मला फक्त तिचे हात बघायचेत."

शनिवारी मी मुकादमाला गाठलं आणि झालं ते सगळं सांगितलं. डबा कधी घातला तेही. तो खुर्चीत मागे टेकला, पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"मावशी, फिल्ममध्ये आहे काय?" तो म्हणाला. "हातमोजे आणि झाडू. हातमोज्यांवर तुमचं नाव लिहिलंय का?"

"तिला कळलं तर?"

"मुकं चित्र आहे ते. भिंतीवर रोज बघतो मी. तुम्ही तोंडाला कुलूप लावा. हे बाहेर आलं तर तीस बायका घरी बसतील, आणि मीही."

तीस बायकांचं मी मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतंच. रविवारी संध्याकाळी पोर भाजी निवडत बसली होती आणि मी तिला सगळं सांगायचं ठरवून समोर जाऊन बसले. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं झालं तू तिथे जवळ होतीस. अगदीच एकटी नव्हती ती." मी देठं गोळा केली आणि आत गेले. भ्याले मी, दुसरं काही नाही.

सोमवारी आम्ही दोघी गेलो. लांबट खोली, सगळ्या खिडक्यांना पडदे. भिंतीवर मोठा पडदा आणि त्याच्यावर चौकोन चौकोन. प्रत्येक चौकोनात जमीन, झाडू, हात. कुठल्या बाईचा कुठला चौकोन हे मला मेलीला ओळखता येईना, माझ्या रोजच्या बायका असून. आवाज अजिबात नव्हता. पंखा तेवढा फिरत होता. मुकादम खोटं बोलला नव्हता, आणि माझ्या जिवात जीव आला.

कारकून भला माणूस होता. त्याने पोरीला खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माझी मोठी आई," पोर म्हणाली. त्याने माझ्यासाठी स्टूल ओढलं.

त्याने टेबलावरच्या छोट्या पडद्यात धाकटीच्या डब्याचा नंबर घातला. पडद्यावर रस्ता आला. सव्वानऊची वेळ कोपऱ्यात दिसत होती. करड्या हातमोज्यांतले दोन हात आले आणि झाडू सुरू झाला. पोरीने बोट पुढे केलं आणि काचेवर, हातांच्या जागी ठेवलं. मला रडू फुटलं. ती समजली आईच्या आठवणीने रडते आहे. तिने माझा गुडघा दाबला.

थोड्या वेळाने म्हणाली, "किती भराभरा झाडतेय बघ. दम नाही लागलेला तिला."

"बरी होती त्या दिवशी," मी म्हटलं. असं खोटं मी तिच्याशी जन्मात बोलले नव्हते.

"सुखाने गेली मग," ती म्हणाली, आणि मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हे असंच राहू दे, ह्यात कुणाचं काय वाईट आहे? पोरीला आई मिळाली, मला पोर मिळाली.

कारकून काम करता करता वळला. खणातून त्याने कानात घालायच्या वायरी काढल्या. "आवाज ऐकायचा असेल तर ह्या लावा ताई. भिंतीवर आम्ही बंद ठेवतो, तीस झाडूंची कलकल होते नुसती."

मी म्हटलं, "नको, कशाला. झाडूचाच आवाज असणार."

"असू दे ना," पोर म्हणाली. "तिचा श्वास तरी ऐकू येईल." आणि तिने दोन्ही कानांत वायरी घातल्या.

मला आता काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर माझे हात झाडत होते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आधी ती हसली. ओठांतल्या ओठांत, लहानपणी माझी नक्कल करताना हसायची तशी. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिने कोपऱ्यातली वेळ बघितली. हात बघितले. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावर बागेची वाट आली, खोलीच्या पायरीचा कोपरा येऊन गेला. तिने दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

"मागे घ्या," ती कारकुनाला म्हणाली. "दोन मिनिटं मागे."

त्याने घेतलं. तिने एका कानातली वायर काढली आणि माझ्या कानात घातली. हळूच घातली, दुखणार नाही अशी.

झाडू ऐकू आला. श्वास ऐकू आला. मग माझा आवाज, इतका जवळून की मी दचकले. "झोप गं राणी, झोप. तुझा बाप ठेवून गेलाय ना मोलकरीण. नवरा खाल्लास, आता माझी हाडं खा." मी हे बोलले होते हे मला आठवतही नव्हतं. असलं काही मी रोजच बोलत असेन. मग पत्रा वाजला. आणि पत्र्यामागून धाकटीचा आवाज आला. "ताई... अहो ताई..."

पत्रा वाजला तेवढं मी वर सांगितलं. हाक सांगितली नाही. कॅमेऱ्यात दिसेल म्हणून आत गेले नाही हे खरं आहे, पण हाक ऐकूनही गेले नाही, हेही खरंच आहे.

झाडू थांबला. वायरीत अगदी शांत झालं. मग माझाच आवाज, गोड, खवचट. "हो हो, येते हं महाराणी. तुमचा रस्ता झाडून घेते आणि मग येते." परत झाडू सुरू झाला. पाठीमागून तिने अजून एकदा हाक मारली, मग लांबून अजून एकदा. कोपऱ्यात नऊ वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

पोरीने पुढे ऐकलं. सगळं ऐकलं, सव्वादहापर्यंत. मी वायर काढायला हात वर केला तर तिने माझं मनगट धरलं आणि खाली ठेवलं. हाक परत आली नाही. झाडत मी दोनदा गाणं गुणगुणले. पडदा काळा झाला, तो माझ्या मुठीतला अंधार. मग दाराचा आवाज आणि माझी हाक, तिच्या नावाची, एकदा, दोनदा, पाचदा. तिथे पोरीने डोळे मिटले.

ती उठली. वायरी गुंडाळून टेबलावर ठेवल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मी म्हटलं, "बाळा, अगं ऐक तरी..."

कारकुनाला काही कळलं नव्हतं. त्याने वही पुढे सरकवली. "इथे सही करा ताई. फिल्म पाहिली म्हणून. आणि साक्षीदार म्हणून ह्यांची घेतो." त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. पेन थांबवून त्याने पोरीकडे पाहिलं. "नातं काय लिहू? ते मोठी आई वगैरे नाही चालत इथं, आई नाहीतर काकू असं लिहावं लागतं."

पोर सही करत होती. मान वर न करता म्हणाली, "काही नाही. आईबरोबर कामाला होत्या, असं लिहा."

त्याने तसं लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. मी सही केली. वळून पाहिलं तोवर ती दारातून बाहेर पडली होती.